मारोतरावांच्या नावेचं पुढचं शीड

या मित्रांनो, असे अगदी जवळ सरका. बुवा कीर्तनाला उभे राहिले की मंडळी सतरंजीवर पुढे सरकतात ना, तसे. एक गोष्ट सांगतो, वाऱ्याची आणि एका माउलीची. शेवटपर्यंत ऐकाल तर मन भरेल, हा माझा शब्द.

मी एक जुनं शीड आहे. नावेच्या डोलकाठीपुढे असतं ते लहान, तिकोनी. माझा जन्म अड्याळच्या श्रावण शिंप्याकडे झाला. तो कीर्तनाच्या मंडपाचं कापड शिवायचा. जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर मारोतराव पांढरं कापड घेऊन त्याच्याकडे गेले, तेव्हा तो म्हणाला, "एवढ्याशा मंडपात बसन कोण?"

"वारा बसन," मारोतराव म्हणाले.

पवनीजवळ, वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या पसरलेल्या पाण्यावर आम्ही दर रविवारी फिरायचो. मारोतराव सुकाणू धरायचे. त्यांच्या पत्नी चंद्रकांताबाई थर्मासमधला चहा द्यायच्या आणि अभंग गायच्या. धांदल व्हायची ती फक्त वळताना. माझी एका बाजूची दोरी सोडायची, दुसऱ्या बाजूची ओढायची. दोन्ही हात लागत.

मग मारोतरावांना लकवा झाला. डावा हात लुळा पडला. दोन वर्षं मी माळ्यावर गुंडाळी होऊन पडलो. उंदरांनी माझा कोपरा कुरतडला.

मुलगा धनंजय म्हणायचा, "बाबा, नाव विकून टाका. एका हातानं कोणी शीड चालवते का?" त्या बोलण्यात काळजी होती, हे मलाही कळायचं.

"एक डाव पाहू दे," मारोतराव म्हणाले. "त्या काठाले जाऊन परत येतो. तू संग बस, पण कायले हात लावायचा नाही. नाही जमलं तर खुशाल विक."

फिटरच तो! डोलकाठीपुढे त्यांनी स्टीलचा आडवा रूळ बसवला, किंचित वाकवलेला. त्यावर चाकांची छोटी गाडी, आणि त्या गाडीला मी बांधलेला. आता सुकाणू वळवलं की वाऱ्यासोबत मी आपणच या बाजूचा त्या बाजूला जाणार, कीर्तनात टाळकरी डोलतो तसा.

ठरलेल्या सकाळी चंद्रकांताबाईंनी नव्या रुळाची पूजा केली. हळद-कुंकू लावलं आणि झेंडूचा हार रुळालाच बांधला. नव्या वस्तूला हार नको का? मग तिघंही नावेत बसले.

पाण्याच्या मधोमध पहिलं वळण आलं. नाव वळली. मी निघालो आणि अडकलो. हाराचा दोरा गाडीच्या चाकात गेला होता! वारा उलटा माझ्या पाठीत भरला आणि नावेचं तोंड बुडालेल्या झाडांच्या खोडांकडे ढकलू लागला. धनंजय उठला.

"बस खाली!" मारोतराव म्हणाले.

"बाबा, खोडं जवळ येऊन राहिले!"

चंद्रकांताबाई तोवर गुडघ्यांवर सरकत माझ्यापाशी आल्या होत्या. हार धरला आणि त्यांचा हात थांबला. "अवो, तोडू कसा? देवाचा आहे!"

"मंग देवालेच विचार, पण लवकर!"

त्यांना हसू फुटलं. त्यांनी दातांनी दोरा तोडला आणि फुलं पाण्यात सोडली. "घे माय वैनगंगे, तुलेच वाहिला."

गाडी सर्रकन पलीकडे गेली. मी टंच भरलो. खोडं मागे पडली. पुढची सगळी वळणं मी एकट्यानं घेतली. मारोतरावांचा उजवा हात सुकाणूवर, बाकी नुसता आराम आणि अभंग. परतताना धनंजय हळूच म्हणाला, "बाबा, जरासं सुकाणू मले द्या ना." नाव विकली गेली नाही.

मित्रांनो, एक विनंती करतो. शिडाला ओलं गुंडाळू नका, उगाच उन्हात टाकू नका. आणि चालत्या चाकाच्या वाटेत काही बांधू नका, मग ते कितीही पवित्र असो. वस्तूची वाट मोकळी ठेवणं हीसुद्धा तिची पूजाच.

चंद्रकांताबाई मागच्या वर्षी गेल्या. नाव अजून रविवारी निघते. काठावरचे लोक मारोतरावांच्या कारागिरीची वाहवा करतात, आणि ती रास्तच आहे. पण मी सहज या बाजूचा त्या बाजूला जाताना दिसलो, तर आपल्या हातानं बांधलेला हार आपणच तोडणाऱ्या त्या माउलीची आठवण तेवढी ठेवा.