पिवळे उंदीर

तिने कपाळावर हात मारून घेतला. सरांनी प्रयोगातल्या उंदरांचा तक्ता पाठवला होता, आणि कुठला उंदीर आजारी हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. नुसते चौकोन रंगवून ठेवले होते.

“पिवळा म्हणजे आजारी,” सर म्हणाले. “गडद पिवळा म्हणजे मेला.”

“आणि हा मधला?”

“तो मरायला टेकलेला. दिसतंच की गं!”

सरांना दिसत होतं, पण प्रोग्रॅमला कुठून दिसणार? प्रयोगशाळेत प्रोग्रॅमर ती एकटीच. प्रिंटर अडकला तरी हाक तिलाच आणि मरायला टेकलेला पिवळा ओळखायचा तोही तिनेच. महिनाभर डोळे फोडून तिने रंग ओळखणारा प्रोग्रॅम लिहिला. आकडे जुळले तसे सर खूश होऊन म्हणाले, “शोधनिबंधावर तुझंही नाव येणार. शब्द देतो.”

तिला दुसरं काही नकोच होतं. नोकरी तात्पुरती; नाव छापून आलं नाही तर पुढे कुणी दारात उभं करणार नव्हतं. शिवाय घरी दादा अजून पाहुण्यांना सांगायचा, “आमची ही कम्प्युटर दुरुस्त करते.” आई तर तिचं नाव छापून येणार म्हणून दोन्ही मावश्यांना सांगून मोकळीसुद्धा झाली होती.

निबंध छापून आला. लेखकांत सर होते, सरांचे सर होते, उंदरांना खायला घालायला दोनदा येऊन गेलेला सरांचा भाचाही होता. ती नव्हती. शेवटच्या पानावर आभार होते: ‘आकडेमोडीसाठी प्रयोगशाळेच्या संगणकाचे.’ तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मग डोळ्यांत पाणीच आलं. आता आईला काय सांगायचं?

तेवढ्यात सर आले, चेहरा नुसता फुललेला. “वाचलास ना? आता पुढचा प्रयोग. या खेपेला हिरवा आहे हं, पण सगळे हिरवे सारखे नाहीत. उद्यापर्यंत होईल ना?”

तिने डोळे पुसले. संगणक बंद केला, डबा पिशवीत टाकला आणि खुर्ची मागे सरकवून उठली.

“त्यालाच सांगा ना, सर,” तिने संगणकाकडे बोट दाखवलं. “आभार त्याचेच मानलेत.”

सर हसले, मग हसायचे थांबले. काळ्या पडद्याकडे बघत ते तिच्या खुर्चीत बसले. ती दारापर्यंत पोचली, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

“अगं, पण हा सुरू कुठून करायचा?”