हरवल्याचा दाखला

अनंत धुरींच्या घरातलं रेशनकार्ड हरवलं त्याला सोमवारी सहा दिवस झाले. ‘हरवलं’ असं फक्त धुरी म्हणत, तेही मनातल्या मनात. उघडपणे त्यांनी ‘सापडत नाही’ एवढंच म्हटलं होतं.

कार्ड त्यांच्या बायकोच्या, विमलच्या नावावर होतं. कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या थोरल्या बाईचं नाव घालायचं असं सरकारने ठरवलं, तेव्हा धुरींना बरंच वाटलं होतं. प्रमुख असण्याचा त्यांना कधी सरावच नव्हता. गिरणी बंद पडल्यावर मालाडच्या एका शाळेच्या ग्रंथालयात त्यांनी चोवीस वर्षं शिपायाची नोकरी केली. तिथेही बोलण्याचं काम भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी करायची.

एरवी रेशनकार्डावाचून आठ-पंधरा दिवस कोणाचं अडत नाही. पण विमलच्या पित्ताशयात खडे झाले होते. चार घास जास्त गेले की बरगडीखाली कळ यायची आणि ती भिंतीला पाठ लावून गप्प बसायची. गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे दुखणं खरं आहे हे सगळ्या चाळीला पटलं होतं. सरकारी योजनेतून ऑपरेशनची वीस तारीख मिळाली होती. त्याआधी मूळ कार्ड दाखवायचं, झेरॉक्स चालणार नाही. तारीख हुकली तर पुढची अडीच महिन्यांनी. डॉक्टर म्हणाले होते, एवढं थांबू नका, पित्ताशय फुटेल.

शिधावाटप कार्यालयातला कारकून चांगला होता. तो म्हणाला, “दुय्यम कार्ड मिळेल. पोलिसांकडून हरवल्याचा दाखला आणा. सोमवारी एकच्या आत आणा. मंगळवारपासून मी ट्रेनिंगला आहे. माझ्या जागी कोण येणार ते मलाही सांगितलेलं नाही.”

हे बुधवारी झालं. तेव्हाच ते पोलिसांत गेले असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण गुरुवारी सकाळी विमलने गावी फोन करून आपल्या भावाला, महादूला, रवळनाथाला कौल लावायला सांगितलं.

कौल लावायचा म्हणजे देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने देवाला प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कार्ड घरात आहे का? उजवी. घराच्या पूर्वेला आहे का? उजवी. तिसरा प्रश्न विचारायच्या आत गुरवाच्या एसटीची वेळ झाली.

धुरींच्या दोन खोल्यांत पूर्वेची भिंत एकच, आणि तिच्यावर खालपासून वरपर्यंत पुस्तकं. शाळेने वेळोवेळी रद्दीत काढलेली, धुरींनी वेळोवेळी घरी आणलेली. तीनशे चाळीस.

“एकेक काढून झाडा,” विमल म्हणाली. “देवान सांगल्यान म्हणजे थंयच आसतला.”

धुरी झाडायला लागले. कार्ड पुस्तकातच होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. फक्त ते पुस्तक त्या भिंतीवर नव्हतं.

मंगळवारी झालं होतं ते असं. कार्डाची झेरॉक्स काढून त्यांनी हॉस्पिटलच्या खिडकीवर नंबर लावायचा होता. खिडकी दोन वाजता उघडणार होती आणि वाजले होते साडेअकरा. पिशवीत वाचनालयातून आणलेलं पुस्तक होतं. धुरींनी आरेतून जाणारी बस धरली, झाडं दाट झाली तिथे उतरले, आणि एका कट्ट्यावर दोन तास वाचत बसले. परतीच्या बसमध्येही वाचत होते. मध्येच डोळे पेंगले, म्हणून खुणेला जे हाताला लागलं ते पुस्तकात घातलं. हाताला केशरी कार्ड लागलं. स्टॉप आला तेव्हा ते दचकून उठले आणि उतरले. पुस्तक सीटवर राहिलं. दुसऱ्या दिवशी गुपचूप डेपोत जाऊन आले. सापडलेल्या वस्तूंत दोन डबे, एक छत्री आणि एका पायातली चप्पल होती.

कार्ड बसमध्ये राहिलं, हे सांगायला काही हरकत नव्हती. पण कुठे राहिलं हे सांगितलं की कधी हे आलं, आणि कधी हे आलं की त्या वेळी तुम्ही तिथे काय करत होता हे आलं. त्या सकाळी विमलला कळ येत होती आणि निघताना तिने ‘लवकर येवा’ म्हटलं होतं. आणि आता तर मध्ये देव आला होता. ‘बसमध्ये विसरलो’ म्हणणं म्हणजे रवळनाथाला खोटं पाडणं. दीडशे पुस्तकं झाडून झाल्यावर धुरींना स्वतःचाच संशय यायला लागला. एक्काहत्तराव्या वर्षी आपली आठवण धरावी की देवाचा शब्द, असा प्रश्न पडला तर धुरी स्वतःच्या बाजूने मत देणारे नव्हते. रविवारी दुपारी तीनशे चाळिसावं पुस्तक त्यांनी मनापासून झाडलं.

मुलुंडहून मुलीचा, मानसीचा, फोन आला. “बाबा, पोलिसांत कशाला जाताय? ऑनलाइन होतं ते. दोन मिनिटं लागतात.”

“शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ यावर टिक करावी लागते,” धुरी म्हणाले.

“मग करा ना.”

“आई नको म्हणते.”

सोमवारी अकरा वाजता दोघं पोलीस ठाण्यात पोचली. कार्ड विमलच्या नावावर, म्हणून तिचं येणं भाग होतं. देव आपल्या जागी बरोबर आहे, पण तारीखही जवळ येते आहे, तर कागदापुरता कागद घेऊन ठेवावा, अशा तडजोडीवर ती आली होती. त्यांच्या मागून मोबाइल हरवलेल्या एक बाई येऊन बाकावर बसल्या. टेबलामागे सुबोध राणे नावाचे हवालदार लिहीत बसले होते. नंबर यायला पावणेबारा झाले.

“काय हरवलं?” राणेंनी वर न बघता विचारलं.

“रेशनकार्ड,” धुरी म्हणाले.

“कुठे?”

धुरींनी घसा साफ केला.

“हरावलेला नाय,” विमल म्हणाली. “घरातच आसा. पण तुमचो कागद होयो.”

“काकी, घरात आहे तर घरातून घ्या ना.”

“गावत नाय.”

“मग हरवलंच की.”

“देवान सांगल्यान घरात आसा. कौल लायलेलो.”

राणेंनी पहिल्यांदाच मान वर केली. “खंयच्या देवान?”

“रवळनाथान.”

“गाव खंयचा?”

विमलने गाव सांगितलं. राणेंचं गाव तिथून खाडी ओलांडली की लागत होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग कठीण आसा,” ते म्हणाले.

“कठीण म्हणजे?” धुरींनी विचारलं.

“म्हणजे बघा काका. देव म्हणतो घरात आहे, आणि मी इथे शिक्का मारून देतो की हरवलं. मे महिन्यात गावी गेलो की कुठल्या तोंडाने पाया पडू? काकी बोलल्या नसत्या तर गोष्ट वेगळी होती. आता माझ्या कानावर आलं ना.”

“मग दुसऱ्या कोणा साहेबांकडे...”

“दुसरे साहेब लातूरचे आहेत. त्यांना काही प्रॉब्लेम नाही. पण ते साडेतीनला येतात.”

भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते. शिधावाटप कार्यालयाची खिडकी एकला बंद होणार होती.

“चला,” विमल म्हणाली. “परत एकदा बघूया ती पुस्तकां.” ती टेबलाला धरून उठली, अर्धी उठली, आणि बरगडीखाली हात दाबून तशीच वाकून उभी राहिली. मग हळूच परत बसली.

“बसमध्ये राहिलं,” धुरी म्हणाले.

“काय?”

“कार्ड. पुस्तकात घातलं होतं. पुस्तक बसमध्ये राहिलं. मंगळवारी.”

विमलने त्यांच्याकडे बघितलं. “आणि हे चार दिवस तुमी ती पुस्तकां झाडत होतात ती?”

“तू झाडा म्हणालीस.”

राणेंनी आपली पाण्याची बाटली उचलून त्या दोघांच्या मधून काढून घेतली. बाकावरच्या बाईंनी हरवलेल्या मोबाइलचं रिकामं खोकं एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

“चला, सोपं झालं,” राणे म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. “बसमध्ये. कुठली बस?”

“थांब रे,” विमल म्हणाली. “लिवू नको. कौल घेतलेलो आसा. तेचो हुकूम घेतल्याशिवाय तेच्या उलट कसा लिवतलंस?”

राणेंनी विचार केला. “ता पण बरोबर.”

महादूला फोन लागला. सोमवार असल्यामुळे तो देवळातच होता, आणि गुरवही होता. विमलने फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

“पोलीस स्टेशनातसून गाऱ्हाणा?” महादूने विचारलं. “बरा. गुरव घालतलो. काय सांगाचा ता सांग.”

“गुरव नको,” विमल म्हणाली. “हेच घालतले.”

गाऱ्हाणं घालायचं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने सगळं सांगायचं. गावात हे काम आवाजदार माणसं करतात. धुरींनी आयुष्यात कधी घातलं नव्हतं. त्यांची मालवणीसुद्धा वाचून वाचून बरीच पुसली गेली होती. पण देवाशी पुस्तकी भाषेत बोलणं त्यांना बरं दिसेना. ते उभे राहिले, त्यांनी चपला काढल्या, आणि फोनला हात जोडले.

“बा देवा रवळनाथा,” ते म्हणाले.

“व्हय म्हाराजा,” राणे म्हणाले. ते म्हणणार नव्हते, पण लहानपणापासूनची सवय. ऐकणाऱ्यांनी प्रत्येक वाक्याला तसं म्हणायचं असतं.

“आज सोमवारच्या दिवशी मी अनंत धुरी तुझ्या पायाकडे हजर झालंय.”

“व्हय म्हाराजा.” या वेळी फोनमधूनही आलं.

“मंगळवारी माझ्या बायकोच्या पोटात कळ होती. ती माका लवकर येवा म्हणाली. मी हॉस्पिटलाच्या रांगेत होतंय म्हणून तिका सांगितलंय. मी रांगेत नव्हतंय. आरेत झाडाखाली पुस्तक वाचत बसलंय.”

हे विमलला नवीन होतं. राणेंचं “व्हय म्हाराजा” जरा उशिरा आलं.

“दोन तास.”

“व्हय म्हाराजा.” आता बाकावरच्या बाईही म्हणायला लागल्या. त्या अमरावतीच्या होत्या, पण बाकीचे म्हणत असताना आपण गप्प बसणं त्यांना बरं वाटलं नसावं.

“पुस्तक चांगला होता,” धुरी म्हणाले.

यावर काय म्हणायचं ते कोणालाच कळेना. शेवटी गावाकडून गुरवाने एकट्याने “व्हय म्हाराजा” म्हटलं.

“तिचा कार्ड मी त्या पुस्तकात खुणेक घातलंय, आणि पुस्तक बसमध्ये विसरलंय. तू घरात म्हणालंस, तेव्हा माका बरा वाटला. तुझ्या कौलाच्या आड मी चार दिवस लपान ऱ्हवलंय. जा काय चुकला-माकला असात, ता माझ्या पदरात घाल. तिच्या नको. तिचा ऑपरेशन वीस तारखेक पार पडांदे, आणि ह्या पोरान कागदावर ‘हरावला’ लिवूक तुझो हुकूम होवांदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. सगळ्यांत शेवटी, खालच्या आवाजात, विमल म्हणाली.

मग पाकळ्या लावल्या. फोनमधून कावळ्याचं ओरडणं आणि कोणाच्या तरी खोकल्याचा आवाज येत होता. राणेंनी दरम्यान मोबाइलवाल्या बाईंचं काम उरकलं. बाई कागद मिळाल्यावरही गेल्या नाहीत. बारा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली तेव्हा महादू म्हणाला, “पडली.”

“खंयची?” राणेंनी विचारलं.

“उजवी.”

राणेंनी लिहायला घेतलं. कार्ड ज्याच्या नावावर, तक्रार त्याची, सही त्याची. “काकी, मजकूर तुमच्या नावाने होणार. ‘माझ्या पतीकडून गहाळ झाले’ असं लिहू?”

“नको. माझ्या हातून गेला म्हणून लिव.”

“अगं पण...” धुरी म्हणाले.

“तुमचा देवाकडे झाला,” विमल म्हणाली. “ह्या सरकारचा. हेच्यात मी प्रमुख आसंय.”

राणे लिहीत गेले. तारीख, वार, बसचा नंबर, कार्डाचा रंग. “बसमध्ये त्या वेळी आपण काय करत होतात? लिहावं लागतं.”

चौथीनंतर विमलने पेपर सोडून दुसरं काही वाचायला हातात धरलं नव्हतं. तिने धुरींकडे बघितलं नाही.

“वाचत होतंय,” ती म्हणाली.

राणेंनी तसं लिहिलं, शिक्का मारला आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिने सावकाश सही केली. एकला पाच मिनिटं कमी असताना शिधावाटप कार्यालयात कारकुनाने तो कागद वाचला, एकदा विमलकडे बघितलं, अर्जाला टाचला आणि दुय्यम कार्ड न्यायला सतरा तारखेची चिठ्ठी दिली. विमलने चिठ्ठी धुरींकडे न देता कमरेच्या पाकिटात ठेवली. मग रिक्षा थांबवायला तिने धुरींना पुढे केलं, कारण हात वर केला की तिला कळ यायची.