सर ऑगस्टस पेलचा पुतळा

सर ऑगस्टस पेलचा पुतळा फोडायचा, हे भगवान आणि डेक्लन यांनी मिळून ठरवलं होतं. दोघांनी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये वर्षानुवर्षं बस चालवली. डेक्लनचा एक पूर्वज आयर्लंडहून येऊन पेलच्या कालव्यावर मजुरी करताना मेला होता.

पेल सूतगिरण्यांचा मालक. दोनशे वर्षांपूर्वी टेकड्या कापून कालवा थेट समुद्राला भिडवायचं त्याने मनावर घेतलं आणि त्यात पाण्यासारखा पैसा ओतला. भरावाला भेग पडली तेव्हा मजूर खाली उतरेनात. पेलने बंदूकवाले आणून उभे केले. मजूर उतरले, भराव त्यांच्यावर कोसळला. प्रेतं उकरण्यात दिवस जातील म्हणून त्याने वरूनच चिकणमाती ठोकून घेतली आणि पाणी सोडलं.

आता कालवा दुरुस्त झाला, तर दुरुस्ती समितीने काठावर पेलचाच पुतळा उभा केला. मजुरांसाठी साधी पाटीसुद्धा नाही. समितीला सांगून सांगून दोघे थकले होते.

अनावरण समारंभाच्या दुपारी ते गर्दीत शिरले. डेक्लनच्या पिशवीत घण होता. पहिला घाव त्याचा, दुसरा भगवानचा. माझ्या पायावर तेवढा मारू नकोस, असं डेक्लनने येताना बजावलंही होतं.

पडदा सरकला. डेक्लनने घण उगारला, आणि भगवान मध्ये शिरला.

भगवान पोरसवदा असताना मराठवाड्यातल्या त्याच्या गावात बाबासाहेबांच्या पुतळ्याचा हात तोडला होता. त्याच दिवशी वस्ती पेटवली, थोरल्या भावाला दगडांनी ठेचून मारलं. तेव्हापासून पोरं पाळीपाळीने पुतळ्याभोवती उभी राहायची, त्यात भगवानही होता. पुतळ्यावर हात उठला की आडवं व्हायचं, हे अंगात मुरलेलं. पुतळा कुणाचा, हे बघायला अंग थांबलंच नाही.

घण खांद्यावर बसला. हाड कातडी फाडून वर आलं. रक्त पेलच्या दगडी बुटांवर उडालं.

"ह्याच्यासाठी?" डेक्लन म्हणाला. घण त्याच्या हातून गळून पडला.

तेवढ्यात सिक्युरिटीचे तिघे त्याच्यावर तुटून पडले. खाली पाडून तोंडावर, पोटात लाथा घालू लागले. कुणीतरी पुतळा वाचवला म्हणून भगवानची पाठ थोपटत होतं. त्याने त्या माणसाला ढकललं आणि डेक्लनवर पालथा पडला. लाथा आता त्याच्या बरगड्यांवर बसू लागल्या.

खालून डेक्लन रक्त थुंकत म्हणाला, "आता कुणाला वाचवतोयस, मूर्खा?"

"गप पड. डोकं माझ्या छातीखाली घे."

डेक्लनने डोकं आत घेतलं.