आधीचा घास

"यातलं विषारी कुठलं, ते आधी दाखवा," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. बाई म्हणजे निवृत्त नर्स. सुट्टीच्या सकाळी पाच-सहा हौशी लोकांना रानात नेऊन खाण्याजोगा पाला आणि अळंबी ओळखायला शिकवायच्या. बाकीची मंडळी घोळीच्या कोवळ्या पानांवर खूश होती. ही नवी शिष्या मात्र पहिल्या दिवसापासून वाइटाच्याच मागे.

"आधी चांगलं ओळखायला शीक गं. वाईट आपोआप कळतं."

"माझं उलटं झालंय, बाई. सगळ्यांना चांगलं म्हणत गेले, वाईट कळलंच नाही."

बाई हसल्या. ती हसली नाही.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ती स्वयंपाकीण होती. मॅनेजर तिचा धाकटा दीर. नवरा गेल्यावर त्यानेच तिला कामाला लावलं आणि त्यानेच काढलं. विजेचं बिल कमी दिसावं म्हणून त्याने सुट्टीभर मोठा फ्रीज बंद ठेवला होता. फ्रीजखालचं पाण्याचं थारोळं तिनेच पुसलं. विचारलं, तर म्हणाला, "साफ करून घेतलाय, वहिनी. मटण आज सकाळी आलंय." घरचा माणूस. तिने विश्वास ठेवला आणि चुलीवर पातेलं चढवलं. अर्धा कारखाना आडवा झाला. चौकशीत दिराने मान खाली घातली. "घरचंच माणूस, काय बोलू? वहिनींच्या हाताला स्वच्छता नाही."

स्वयंपाकिणीने आधी चाखायचं, ही तिथली रीत. तिनेही चाखलं होतं, तीही आजारी पडली होती. ते कुणी विचारात घेतलं नाही. तेव्हापासून शेजारीण तिची वाटी झाकलेलीच परत करायची. "पोट भरलंय हो." गल्लीतल्या सगळ्यांची पोटं एकदम भरली होती.

म्हणून ती रानात जाऊ लागली. हळूहळू तिची बोटं शहाणी झाली. अळंबी खालपासून उपटून घ्यायची, बुंधा मातीत राहिला तर ओळख अर्धीच राहते. उलटी करून बघायची, वास घ्यायचा. शंका आली की टाकून द्यायची. आणि बाईंचा एक नियम: तोडणाऱ्याने पहिला घास खायचा, मगच दुसऱ्याला वाढायचं.

एका सकाळी झाडाखाली ते दिसलं. पांढरं, देखणं, नवरीसारखं अंग चोरून उभं. बाई दुरूनच ओरडल्या, "त्याला हात नको!" सगळ्यांचं डोळे भरून बघून झाल्यावर बाई पुढे गेल्या, पण तिने ते कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं. दुसऱ्या पिशवीत चांगली अळंबी होती.

रविवारी तिने दीर-जावेला जेवायला बोलावलं.

लोण्यावर परतलेली अळंबी, पाव, घोळीची पानं. दीर ऐसपैस बसला. वादळ शमलं असं त्याला वाटत असावं.

"वा, वहिनी! कुठून मागवलीत?"

"मागवते कशाला? रानातून तोडून आणली. शिकतेय हल्ली."

"शिकताय म्हणजे... कळतात तुम्हाला?"

"चुकत असेन एखादवेळी. नवशिकी आहे."

पावाचा तुकडा त्याच्या हातातच राहिला. त्याची नजर खिडकीकडे गेली. तिथे कागद अर्धवट उघडा पडला होता, आतून रानटी भूछत्राची पांढरी कड दिसत होती.

"वहिनी, तुम्ही... तुम्ही आधी घ्या ना."

"छे! पाहुण्यांच्या आधी? आणि माझा हात आधी कशाला, भाऊजी? स्वच्छता नाही त्याला."

जावेला त्या फ्रीजचं काहीच माहीत नव्हतं. ती मनापासून म्हणाली, "काय सुंदर वास सुटलाय, ताई!" आणि तिने चमचा तोंडाशी नेला.

दिराने तिच्या हातावर फटका मारला. चमचा खणखणत भिंतीपर्यंत गेला.

"खाऊ नकोस!"

"अहो! ताई आपल्याला विष घालतील?" जाऊ हसलीच. मग तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि हसू मावळलं. "का घालतील? काय केलंत तुम्ही त्यांचं?"

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे न खाताच घसा खवखवू लागला होता. वहिनी हाताची घडी घालून बसली होती. इतके महिने तिने याच शांततेची वाट पाहिली होती, आणि ती आता चवीचवीने घेत होती.

"फ्रीज... मी बंद केला होता," तो ताटाकडे बघत म्हणाला. "सुट्टीत. वहिनींना माहीत नव्हतं."

"आणि तुम्ही ताईंचं नाव घेतलंत? सगळ्यांसमोर?"

तो उठला. चपला घालताना त्याचा पाय दोनदा चुकला. "उद्या हेच कारखान्यात जाऊन सांगाल," जाऊ त्याच्या पाठीवर ओरडली. "नाहीतर मी सांगेन!"

दार आपटलं. जाऊ डोळे पुसत उभी राहिली.

"बस गं. जेव तू तरी."

जावेने पातेल्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "नको, ताई. आज... पोट भरलंय हो."

तीही गेली.

खिडकीतलं पांढरं भूछत्र सुकून करडं पडलं होतं. तोडलं तसं ते अख्खंच होतं. तिने ते कागदासकट अंगणात कुंडीशेजारच्या मातीत खोल पुरलं आणि साबणाने हात धुतले. कोपरापर्यंत, कॅन्टीनमध्ये रोज धूत असे तसे.

मग ताट वाढून घेतलं आणि पहिला घास घेतला. अळंबी छान शिजली होती. मीठ मात्र जरा कमी पडलं होतं. सांगणारं कुणी नव्हतं. तिनेच उठून घेतलं.