उजवीकडची खुर्ची

"बाई, हे उलटे घालून पाहिलेत का कधी?"

वर्षातून एकदा मशीन तपासायला येणारा माणूस हेडफोन हातात धरून माझ्यासमोर उभा होता. लाल बाजू उजव्या कानाची, निळी डाव्या. त्याने हेडफोन फिरवले आणि निळी बाजू माझ्या उजव्या कानाकडे आणली.

"पाहिलं असेलच," मी म्हटलं.

"असेलच म्हणजे?"

माणूस खवचट नाही. दरवर्षी येतो, आपली मोजमापाची पेटी उघडतो, दोन तास मान खाली घालून काम करतो आणि जातो. त्याने नुसतंच विचारलं होतं. तरी मला त्याचा राग आला.

कान-नाक-घशाच्या या दवाखान्यात लोकांना किती ऐकू येतं ते मी गेली एकोणीस वर्षं मोजते. पेशंट काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत बसतो, मी बाहेर मशीनवर. आवाज आला की त्याने बटण दाबायचं. पण पहिला पेशंट यायच्या आधी रोज सकाळी मी स्वतः हेडफोन लावते आणि प्रत्येक सुरात मला ऐकू येणारा सगळ्यात बारीक आवाज कोणता, तो आकडा वहीत लिहिते. माणसाचा कान रोज बदलत नाही, मशीन बदलू शकतं. म्हणून चांगल्या कानाच्या माणसाने रोज ऐकायचं आणि आकडा हलला की मशीनकडे बघायचं. या दवाखान्यात तो कान माझा होता.

गेल्या वर्षभरात उजव्या बाजूच्या उंच सुरांचा आकडा हलला होता. दहा, पंधरा, पंचवीस, पस्तीस, आता पन्नास; आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ओळीने लिहिलेलं होतं: उजवा इयरफोन मंद. दोनदा मी तो दुरुस्तीला पाठवला. दोनदा 'दोष नाही' अशी चिठ्ठी लावून परत आला. हल्ली कुणाला कामाची चाडच नाही, असं मी काउंटरवरच्या ताईंना म्हटल्याचंही आठवतं.

शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगते. शंका आली की आधी बाजू बदला. दोष इयरफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला तर इयरफोनचा. जागच्या जागी राहिला तर कानाचा. दहा सेकंदांचं काम आहे. वर्षभरात मी ते केलं नव्हतं.

आता केलं. निळी बाजू उजव्या कानावर. डावीकडे लाल इयरफोनमधून बारीक, स्वच्छ सूर आला. उजवीकडे काही नाही. त्याने बटण फिरवत आवाज बराच वर नेला तेव्हा कुठे काहीतरी आल्यासारखं झालं.

"इयरफोन ठणठणीत आहे," तो म्हणाला आणि घाईने पेटी आवरायला लागला. ताईंनी चहा विचारला तर "पुढच्या वेळी" म्हणाला.

दुपारचे पेशंट संपल्यावर डॉक्टर स्वतः मशीनवर बसले आणि मी त्या खोलीत स्टुलावर. जाड दार लागलं तसा माझा श्वास मला ऐकू यायला लागला. डॉक्टरांना या कामाची सवय नाही, त्यांचा हात ठेक्यात चालतो. एक, दोन, तीन, आवाज. एक, दोन, तीन, आवाज. ही अगदी शिकाऊ चूक. पेशंटला ठेका कळला की तो न ऐकताही बटण दाबू शकतो. डाव्या कानात मला ठेका कळून चुकला होता. उजव्या कानाची पाळी आली. एक, दोन, तीन झालं. शांतता. माझा अंगठा बटणावर होता.

दाबला नाही.

पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा शांतता. काचेतून डॉक्टर माझ्याकडे बघत होते. पेशंटकडे बघायचं नसतं, हेही त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

आलेख मीच वाचला. डावी रेघ सरळ. उजवी रेघ मध्यापर्यंत बरी आणि मग घसरगुंडीसारखी खाली. उंच सुरांना पन्नास.

"दिव्याखाली अंधार की हो, बाई," डॉक्टर म्हणाले. हसले आणि लगेच गंभीर झाले. "एकाच कानाचं आहे म्हणून स्कॅन करून घेऊ. बहुतेक काही निघायचं नाही. पण गेलं ते परत येईल असं नाही, तुम्हाला माहीतच आहे."

"हो."

"घरी काही जाणवलं नाही? कुणाचं बोलणं वगैरे?"

"नाही."

पेशंटही असंच उत्तर देतात. सोबत आलेलं माणूस मागून मान हलवतं. माझ्या मागे कुणी नव्हतं.

जायच्या आधी मी वही उघडली. नोंद खोडायची नाही, तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हा नियम. 'उजवा इयरफोन मंद' यावर रेघ मारून शेजारी 'कान' लिहिलं, सही केली. मग त्याच्या वरच्या ओळीवर. एकूण एकेचाळीस नोंदी होत्या. उद्यापासून सकाळी ताई ऐकणार. त्यांना सांगितलं तर त्या घाबरल्या. "मला जमेल का हो?" म्हणाल्या. "ऐकायचंच तर आहे," मी म्हटलं.

बस सोडून मी चालत निघाले. एका जागी बसवेना. पेशंटच्या रिपोर्टांचं काय, हा विचार आधी केला. मशीन नीट होतं म्हणजे रिपोर्ट नीट होते. तो प्रश्न पहिल्या चौकातच सुटला. तरी पाय भरभर चालत होते. फोन मी कधीपासून डाव्या कानाला लावायला लागले? आठवेना. पुलावर पोचले तेव्हा डॉक्टरांचा प्रश्न पुन्हा डोक्यात आला. कुणाचं बोलणं वगैरे.

आमचं जेवणाचं टेबल लहान आहे. चार बाजूंना चार खुर्च्या. यांची खुर्ची समोर, माझ्या डावीकडे धाकटा, उजवीकडे थोरली. मुलं टेबलाएवढी उंच झाली तेव्हापासून असंच. स्वयंपाकघरात मी ओट्याशी उभी राहते तेव्हा डावीकडे भिंत आणि उजवीकडे दार. मुलं दारात उभी राहून बोलतात. धाकट्याला बोलायला हातवारे लागतात आणि डबे उघडून बघायची खोड आहे, त्यामुळे तो बोलत बोलत आत येतो, पुढ्यात येतो. थोरली दारातच टेकते. हळू बोलते. नळ चालू असतो.

वर्षभर मी यांना सांगत आले होते की धाकटा अजून माझा आहे, थोरली गेली हातातून. सतरावं लागलं आणि तोंड शिवलं हिने. मुली या वयात अशाच होतात, असं हे म्हणायचे. मीही तेच म्हणायचे.

एके दिवशी ती केस कानापर्यंत कापून आली. "विचारायचं तरी," मी म्हटलं. ती म्हणाली, "विचारलं होतं. तू बरं म्हणालीस." मला वाटलं, उलट उत्तर द्यायला शिकली. तिने पोहणं सोडलं ते मला दोन महिन्यांनी टॉवेल दोरीवर दिसेना तेव्हा कळलं. नऊ तासांवरच्या कॉलेजात झाडांच्या रोगांचा अभ्यास करायला जायचं तिने ठरवलं, ते मला यांच्याकडून कळलं. त्या दिवशी मी फार बोलले. बापाला सांगायला तोंड आहे आणि आईला नाही, असंही बोलले. ती नुसती बघत राहिली. मग "जाऊ दे," म्हणाली. तो शब्द तिने या वर्षीच उचलला होता. जाऊ दे. मी त्याला उद्धटपणा समजत होते.

ती जाणार होती बारा दिवसांनी.

घरी पोचले तर ती जमिनीवर बसून वह्यांचे दोन ढीग करत होती, न्यायचे आणि टाकायचे. धाकटा पलंगावर लोळत पडला होता. मी पर्स न ठेवताच सांगितलं. उजवा कान, उंच सूर, पन्नास. स, श, फ असली अक्षरं त्या बाजूने येतच नाहीत, नळ चालू असला की आणखीही बरंच येत नाही. मी पेशंटच्या नातेवाइकांना सांगते तसंच सांगितलं, त्याच क्रमाने.

धाकटा ताडकन उठला. "थांब, थांब." माझ्या उजवीकडे येऊन तोंडावर हात धरून काहीतरी पुटपुटला. "काय म्हटलं सांग?"

"नाही कळलं."

"बाप रे! म्हणजे इकडून काहीही बोललं तरी चालतंय?"

"गप रे, माकडा," थोरली म्हणाली. ती उठली नव्हती. हातातली वही कुठल्या ढिगात ठेवायची ते तिला ठरवता येत नव्हतं. "कधीपासून?"

"वर्ष झालं. थोडं थोडं करत."

"वर्ष." तिने वही मांडीवर ठेवली. "म्हणजे मी दारात उभी राहून जे काही…"

"हो."

"पण तू मान हलवायचीस, आई. हं म्हणायचीस. बरं म्हणायचीस."

"सगळेच म्हणतात गं. ऐकू न येणारा माणूस सगळ्यात जास्त हं म्हणतो. मी रोज बघते."

"मग तुला नाही दिसलं?"

खालून कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा किल्ली फिरवल्याचा आवाज येत होता. तो मला नीट ऐकू येत होता.

"मला वाटलं, तुला कंटाळा येतो," ती म्हणाली. "बाबा म्हणतात ना नेहमी, दिवसभर लोकांचे कान ऐकून हिचा कोटा संपतो, घरच्यांना काही उरत नाही. मला ते खरंच वाटलं. म्हणून मग मी दुसऱ्यांदा नाही सांगायचे."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघा कडकडला. "आता सांग."

"काय?"

"सगळं. वर्षभराचं. मी समोर बसलेय, नळ बंद आहे."

ती हसली. मग मी हसत नाही हे बघून गप्प झाली. तिने खरंच प्रयत्न केला. "पोहण्याचं सांगितलं होतं. तिथल्या मुली हसायच्या मला. म्हणजे, तेव्हा फार वाटायचं. तू म्हणालीस, होईल ठीक."

"झालं?"

"नाही. सोडून दिलं ना मी." तिने वहीचा कोपरा दुमडला, सरळ केला. "आणि एक मुलगा होता. मुलगा म्हणजे तसं काही नाही, नुसतं… तेही सांगितलं होतं. तू भांडी घासत होतीस. मला आठवडाभर झोप नव्हती येत."

"मग?"

"मग काही नाही. आता त्याचं नाव घेतलं तरी हसू येतं." तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही येत गं, आई, आता सांगता. ते तेव्हाचं होतं. आता सांगितलं तर नुसती बातमी वाटते."

"कोण मुलगा?" धाकट्याने विचारलं.

"तू जा इथून."

मी म्हटलं, "चालेल. बातमी तर बातमी."

पण तिला पुढे काही आठवेना. बरंच काही होतं, असं ती म्हणाली, आणि मला ते दिसत होतं. ती आठवायला जायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. शेवटी तिने मांडीवरची वही टाकायच्या ढिगात ठेवली.

संध्याकाळी हे आले, त्यांना सांगून झालं. मग ते स्वतःच ताटं मांडायला लागले. कधी मांडत नाहीत.

"जागा बदला दोघं," ते मुलांना म्हणाले. "ताईला आईच्या डावीकडे बसू दे."

"म्हणजे आता मी बहिऱ्या बाजूला?" धाकटा म्हणाला.

"बारा दिवसांसाठी कशाला, बाबा?" थोरली म्हणाली. "राहू दे की. बसलेत सगळे."

आणि खरंच सगळे बसले होते. ती तिच्या खुर्चीत, एक पाय वर घेऊन, नेहमीसारखी. तिच्या पलीकडे, टेबलाच्या कडेला, भिंत आणि फ्रिज यांच्यामध्ये एक माणूस अंग चोरून बसू शकेल एवढी जागा होती. मी माझी खुर्ची उचलली, यांच्या मागून नेली आणि तिथे घातली. मग ताट आणलं. माझा खांदा फ्रिजला लागत होता. आता ती माझ्या डावीकडे होती.

"अगं, तिथे कशी जेवणार तू?" हे म्हणाले.

"जेवते."

थोरलीने माझ्याकडे बघितलं आणि ताटाकडे बघितलं. थोड्या वेळाने ती सामानाबद्दल बोलायला लागली. दोन चादरी पुरतील की तीन. बस सकाळची बरी की दुपारची. तिथे म्हणे सहा मुलींत एकच आरसा आहे.

"सहा जणींत एक?" मी विचारलं.

"हो ना. सहा जणींत."

"सांग पुढे," मी म्हटलं.