नऊ वेळा न दाबलेलं बटण

मी एक जुनी मोजणीची डबी आहे. मुठीत मावेन एवढीच. अंग पोलादी, पाठीला बोट अडकवायची कडी, डोक्यावर एक बटण आणि पोटात काचेमागे चार आकडे. बटण दाबलं की 'टिक्' होतं आणि आकडा एकाने पुढे सरकतो. कडेची किल्ली फिरवली की चारही घरांत शून्य. एवढीच माझी विद्या. पण मित्रांनो, या एवढ्याशा विद्येत मी कधी चुकले नाही, आणि तरी एका उन्हाळ्यात भर मैदानात माझ्यावर आळ आला. तो कसा आला आणि कसा उतरला, ते सांगते.

कारखान्यात एका बाईने मला हजार वेळा दाबून पाहिलं, तेव्हा कुठे मला खोक्यात घातलं. तिथून मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तरेकडे, ऑरव्हिल हाल्वर्सनच्या हातात आले. ऑरव्हिल साखरेच्या बिटांच्या ढिगावर कामाला होता. ऑक्टोबरात बिटांचे ट्रक रांगेने यायचे आणि रिकामा झालेला प्रत्येक ट्रक तो माझ्यावर मोजायचा. दर दहा ट्रकांमागे फळ्यावर खडूची एक रेघ. म्हणजे मी चिखलात पडले तरी रेघा राहतील. मी पुष्कळदा पडले, पण अडकले एकदाही नाही. एकदा त्याच्या सख्ख्या भावाने एक ट्रक जास्त धरायला सांगितलं, तर ऑरव्हिल म्हणाला, "ट्रक आला की दाबायचं. नाही आला तर नाही दाबायचं. यात विचार करण्यासारखं काय आहे?" भाऊ दोन नाताळ जेवायला आला नाही. ऑरव्हिलने तेही बहुतेक मोजलं असावं.

अशी तीस वर्षं गेली. गावातले लोक म्हणायचे, ऑरव्हिलच्या डबीवर आहे ना, मग झालं. या कौतुकाने मी थोडी फुगले होते, खोटं कशाला बोलू. मग ऑरव्हिल निवृत्त झाला आणि मी शेडमधल्या खणात गेले. खिळे, वाळलेला डिंक आणि मी. बारा वर्षं कुणी विचारलं नाही.

खण उघडला तो त्याच्या मुलाने, कर्टिसने. आणि तोही हौसेने नव्हे.

त्याचं असं झालं. कर्टिसचा मुलगा एमेट बारा वर्षांचा. तो गावच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. पोरगा शांत, आणि बाप कुंपणाला लटकून ओरडणारा. जूनच्या पहिल्याच सामन्यात कर्टिसने पंचांना, म्हणजे बर्नी ट्वेटना, "मास्तर, चष्मा घरी राहिला की डोळेच राहिले?" असं भर मैदानात विचारलं. ट्वेटनी त्याला शाळेत गणित शिकवलेलं. त्यांनी शांतपणे बोट दाखवून त्याला मैदानाबाहेर काढलं. उरलेला सामना कर्टिसने पार्किंगमधून, आपल्या पिकअपच्या काचेतून पाहिला. एमेट त्या दिवशी जिंकला, पण त्याने एकदाही पार्किंगकडे मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी संघाचा कोच लेनी घरी आला. म्हणाला, "कर्टिस, तुला मोजणीच्या टेबलावर बसवतो."

"मला? मी कशाला?"

"कारण त्या टेबलावर ओरडायला बंदी आहे. आणि तुझं तोंड बंद करायला मला दुसरं काही सुचत नाही."

आता ते टेबल म्हणजे काय, तेवढं सांगते. बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात पंच्याऐंशी चेंडू टाकायचे, त्याच्यावर एकही नाही. पंच्याऐंशी झाले की दुसरा पिचर. हे चेंडू मोजायला दोन्ही संघांचा एकेक पालक जाळीमागे शेजारी शेजारी बसतो. दोघांचा आकडा जुळला नाही, तर यजमान संघाचा खरा धरतात.

कर्टिसने मला पुसलं, तेल दिलं. ऑरव्हिल ओसरीत बसून बघत होता. त्याचे गुडघे गेले होते, मैदानावर येणं बंद झालं होतं. तो एवढंच म्हणाला, "दाबायचं. विचार करायचा नाही." नातवाला मात्र त्याने जवळ बसवून खडूच्या रेघांची जुनी युक्ती सांगितली. मला वाटलं, म्हाताऱ्याला बोलायला कुणीतरी हवंय, दुसरं काय.

जूनचे शेवटचे दिवस चांगले गेले. कर्टिस गप्प बसायला शिकला. गप्प बसल्यावर त्याला खेळ दिसू लागला, आणि मुलगाही. चेंडू टाकून झाला की एमेट उजव्या हाताची बोटं झटकायचा, ते पहिल्यांदा कर्टिसनेच पाहिलं. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात कोपराच्या हाडाचं टोक कच्चं असतं, फार ताण पडला तर ते मूळ हाडापासून सुटतं, मग शस्त्रक्रिया. ठरल्याइतके चेंडू टाकू दे, वर एकही नको. घरी आल्यावर इंग्रिड, एमेटची आई, त्याच्या कोपरावर गोठवलेल्या मटारची पिशवी धरून बसली होती. ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, "पंच्याऐंशी म्हणजे पंच्याऐंशी, कर्टिस."

"अगं, मोजणारा मीच आहे ना," कर्टिस म्हणाला.

जुलैच्या शेवटी अंतिम सामना आमच्याच मैदानावर आला. समोर शेजारच्या गावचा संघ. टेबलावर त्यांच्याकडून मार्लीन ओडेगार्ड बसली. तिच्या घरचे बीट आयुष्यभर ऑरव्हिलनेच मोजलेले. मला पाहताच ती हसली. "ही अजून जिवंत आहे? मग मी कशाला मोजू? तू आकडा सांग, मी लिहिते. मला धावांची वहीही सांभाळायची आहे." असा तिचा माझ्यावर विश्वास. मला बरं वाटलं. आज वाटतं, तिने तो विश्वास ठेवला नसता तर बरं झालं असतं.

शेवटची पाळी सुरू झाली तेव्हा आम्ही तीन-दोन असे पुढे होतो. माझ्यावर एकाहत्तर होते आणि ते खरे होते. पहिला फलंदाज पाच चेंडूंत बाद. शहात्तर. अजून दोन बाद करायचे होते आणि हाताशी नऊ चेंडू.

दुसरा फलंदाज चिवट निघाला. तो प्रत्येक चेंडू बॅटच्या कडेने बाहेर घालवायचा. बाहेर गेलेला चेंडूही मोजायचाच असतो. सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी, एक्क्याऐंशी. पुढचा चेंडू असा उंच उडाला की कर्टिस अर्धवट उठून उभा राहिला. झेल सुटला. तो खाली बसला आणि मी वाट पाहिली. अंगठा बटणावर होता. खाली आला नाही.

विसरला, मला वाटलं. माणूस आहे, विसरतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, एक्क्याऐंशी वाचलं, आणि त्याच्या लक्षात आलं. मला ते त्याच्या हातावरून कळलं. हात एकदम घामेजला. मग त्याने मार्लीनकडे पाहिलं. ती वहीत खाली मान घालून लिहीत होती. त्याने मला उलटं करून मांडीवर धरलं.

कर्टिस दुष्ट नव्हता, मित्रांनो. तीस वर्षांपूर्वी याच मैदानावर, अशाच सामन्यात त्याला कोचने काढून बाकावर बसवलं होतं आणि गाव हरलं होतं. तेव्हापासून गावाने अंतिम सामना जिंकला नव्हता. तो बाक त्याच्या मनातून गेला नव्हता. पण मी काही बाक नाही, मी मोजणीची डबी आहे. माझ्यापुढे चेंडू पडत होते आणि माझे आकडे जागच्या जागी होते.

तो फलंदाज आणखी तीन चेंडू खेळला आणि पहिल्या तळावर, म्हणजे धावेच्या पहिल्या थांब्यावर, पोचला. ते तीनही कर्टिसने दाबले नाहीत. खरे पंच्याऐंशी तिथेच भरले. एमेटला तिथेच थांबवायला हवं होतं. त्याऐवजी पुढच्याला चार चेंडू गेले, आणि कर्टिसने दिसायला म्हणून एकदाच टिक् केलं. तो फलंदाज फुकटात तळावर गेला, कारण एमेटचे चारही चेंडू भलतीकडे गेले, आणि तसे चार गेले की तळ फुकट मिळतो. तो बोटं झटकत नव्हता. कोपर पोटाशी धरून उभा होता. बापाने ते पाहिलं, मी सांगते, पाहिलं. लेनीने बाकावरून विचारलं, "किती झाले?"

"ब्याऐंशी. तीन आहेत अजून."

पुढच्या फलंदाजाला तीन चेंडू. एक टिक्. माझ्यावर त्र्याऐंशी, खरे ब्याण्णव. मला ओरडता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मला तोंड असायला हवं होतं.

तेवढ्यात एमेटने हात वर केला. तो चेंडू हातमोज्यात घेऊन ट्वेट पंचांकडे चालत आला.

"सर, माझे किती झाले?"

पंचांनी टेबलाकडे पाहिलं. कर्टिस म्हणाला, "त्र्याऐंशी."

एमेट बापाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, माझे नव्वदच्या वर गेलेत. तुम्ही बघा हवं तर." आणि पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्याच्या मागची माती त्याने दाखवली. तिथे बुटाच्या टाचेने ओढलेल्या रेघा होत्या. दर दहा चेंडूंमागे एक. नऊ रेघा. आजोबांनी ओसरीत बसून शिकवलेली युक्ती ती.

पंच जाळीजवळ आले. "कर्टिस, नियमाने तुझा आकडा खरा. मातीतल्या रेघा मी धरू शकत नाही. तू सांग. त्र्याऐंशी की नव्वद?"

त्याच्या मुठीत मी होते. एक वाक्य बोलायचं होतं. त्याने मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "डबी जुनी आहे. अडकते मधूनमधून. रेघाच धरा."

"ऑरव्हिलची डबी?" मार्लीन म्हणाली. "अडकली?"

एमेट बाहेर गेला, अकरा वर्षांचा एक घाबरलेला पोर चेंडू टाकायला आला. त्याचा दुसराच चेंडू फटका बसून आमच्या दोन खेळाडूंच्या मधून निघून गेला आणि दोन धावा झाल्या. आमच्या पाळीत तिघेही झटपट बाद झाले. हरलो. मागून कुणीतरी म्हणालं, त्या भंगार डबीने घात केला. मित्रांनो, तीस वर्षं ऊन, चिखल, बर्फ खाऊन मला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं ते एक वाक्य लागलं.

सामना संपला की दोन्ही संघ रांगेने एकमेकांच्या हाताला हात लावतात. एमेटने सगळ्यांना डावा हात दिला. उजवा वर उचलवत नव्हता.

पिकअपमध्ये बापलेक बसले. कर्टिसने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. एमेटने पुढच्या फळीवरून मला उचललं. डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. टिक्. चौऱ्याऐंशी. पुन्हा दाबलं. पंच्याऐंशी. बापाकडे न बघता, सावकाश, एकेक करून नऊ वेळा. एकदाही अडकले नाही. ब्याण्णववर थांबून त्याने मला बापाच्या मांडीवर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

"एमेट," कर्टिस म्हणाला.

"हात दुखतोय, बाबा."

कर्टिस मला घेऊन खाली उतरला. मैदानावर मार्लीन टेबलाची घडी घालत होती, ट्वेट पंच पायपट्ट्या सोडत होते. तो त्यांच्यासमोर उभा राहिला. "डबी चांगली आहे," तो म्हणाला. "मीच दाबली नाही. नऊ वेळा."

"मला वाटलंच होतं," मार्लीन म्हणाली. "चूक माझीही आहे, मी मोजत नव्हते." मग तिने विचारलं, "पोराचा हात कसा आहे?"

हाडाचं टोक सुटायला आलं होतं, पण सुटलं नव्हतं. शस्त्रक्रिया टळली. तीन महिने हात झोळीत आणि वसंतापर्यंत चेंडूला शिवायचं नाही. कर्टिसला वर्षभर मैदानावर यायला बंदी झाली. त्याने हुज्जत घातली नाही. इंग्रिड त्याच्याशी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. ऑरव्हिलला त्याने स्वतःच सांगितलं. म्हातारा एवढंच म्हणाला, "पोराने रेघा नीट ओढल्या होत्या ना?" कर्टिसला त्याने एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्याला तेच जास्त झोंबलं.

मला पुन्हा खणात टाकलं नाही. हिवाळाभर मी पिकअपच्या फळीवर होते, पोटात ब्याण्णव घेऊन. कर्टिस कधी कधी मला उचलायचा, आकडा बघायचा आणि तसाच ठेवायचा. किल्ली फिरवायला त्याचा हात झाला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी मोजणारी कुणीतरी असेल. काटा असेल, घड्याळ असेल, ताप बघायची नळी असेल. आम्हाला कळत सगळं असतं, पण दाबल्याशिवाय बोलता येत नाही. आम्हाला पुसा, तेल द्या, उन्हात टाकू नका, ही विनंती आहेच. पण त्याहून मोठी विनंती ही, की आकडा नकोसा झाला म्हणून अंगठा रोखू नका. आणि रोखलाच, तर नाव आमचं घेऊ नका.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं. डॉक्टरांनी घराच्या अंगणात पंचवीस चेंडू टाकायची परवानगी दिली. एमेट पिकअपपाशी आला, मला उचललं, किल्ली फिरवली. ब्याण्णव गेले, चार शून्यं आली. मला त्याने बापाच्या हातात ठेवलं. "तू मोज," म्हणाला.

कर्टिस बादली उलटी घालून बसला. पहिला चेंडू. टिक्. दुसरा. टिक्. एकही चुकला नाही. शेवटचे चेंडू तर असे सणसणीत गेले की भिंतीला टेकवलेली गादी हलत होती. पोराच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी हसू आलं होतं.

"बाबा, हात मस्त वाटतोय. अजून एक टाकू? एकच."

कर्टिसने माझ्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "पंचवीस झाले."