साखरेची गोळी

सकाळचे डबे भरून झाले तशी धाकटी सून ओट्याला टेकून उभी राहिली. उजवी कूस हातानं दाबून धरलेली.

"लागलं का पुन्हा दुखायला?" सासूबाई म्हणाल्या. "भांड्यांचा ढीग दिसला की हिच्या पोटात कळ आलीच म्हणून समजा!"

थोरली जाऊ चपला घालता घालता हसली. ती औषधांच्या प्रयोगशाळेत होती. मज्जातंतूंवरच्या रिसेप्टरला, म्हणजे वेदनेची वर्दी जिथून मेंदूकडे निघते त्या दारालाच चपखल बसून ते बंद करील असा नवा रेणू घडवण्यात तिची सहा वर्षं गेली होती. दुखण्यातलं या घरात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तेव्हा धाकटीचं नाटक आपल्याशिवाय कोण उघडं पाडणार, असं तिला वाटलं.

बायकांनी दिवसा आडवं व्हायचं नाही, ही या घरची रीत. थोरलीनं बाळंतपणातही ती पाळली होती, आणि आपण सोसलं ते दुसरीला चुकावं हे तिला बघवत नव्हतं.

संध्याकाळी तिनं पांढऱ्या गोळ्या आणल्या. चाचणीत तुलनेसाठी देतात तसल्या. औषधाचा कणही नाही, निव्वळ साखर.

"आमचं नवं औषध आहे. अर्ध्या तासात गुण येईल."

अर्ध्या तासानं धाकटी वाकून फरशी पुसत होती.

"काय गं, कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय, ताई."

थोरलीनं सासूबाईंकडे बघून डोळे मिचकावले. चोरी पकडली! खोट्या गोळीनं खरं दुखणंही कधी कधी हलकं वाटतं, हे नव्या सहकाऱ्यांना ती स्वतःच शिकवायची. घरात शिरताना ते ज्ञान चपलांबरोबर बाहेर राहिलं.

तिसऱ्या दिवशी धाकटी स्वयंपाकघरात कोसळली. अपेंडिक्स फुटलं होतं.

"ही बाई इतके दिवस उभी राहिली कशी?" सर्जनबाईंनी विचारलं.

जीव वाचला, पण चार दिवस त्याची खात्री नव्हती. पाचव्या दिवशी थोरली खाटेशी बसली.

"मग बरं वाटतंय असं का म्हणालीस गं?"

"इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच विचारलंत, ताई. नाही कसं म्हणू?"

थोरलीला रडू आवरेना.

महिन्याभरानं नव्या रेणूच्या चाचणीचा अहवाल सहीसाठी तिच्यापुढे आला. बायकांच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे एकच नोंद: बरं वाटतंय.

"यांना विचारलं तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?"

"घरचेच की. नवरा, सासू," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. "सगळं छान जुळतंय, आणि तुम्ही उगाच शंका काढताय."

"काढतेय. मागे काढली ती भलत्याच माणसावर. एकेकीला पुन्हा विचारा, दार लावून. तोवर माझी सही नाही."

त्या दिवशी ती दुपारीच घरी आली आणि धाकटीचं अंथरूण स्वतः घातलं. सासूबाई कपाळाला आठ्या घालून दारात उभ्या राहिल्या.

"आई, तुमचे गुडघे कसे आहेत?" थोरलीनं विचारलं. "खरं सांगा."

सासूबाई "बरे आहेत" म्हणायला गेल्या, आणि चौकट धरून मटकन खाली बसल्या.